आयपीटीजी टाकलं की बॅक्टेरियाचं जीन चालू होतं, मग आपल्या पेशीत का नाही?

तुझा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलतोय ना ते कळेल. तू चिपळूणला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहेस, प्रॅक्टिकलला निळ्या-पांढऱ्या कॉलन्यांची प्लेट केलीस, आयपीटीजी हे लॅक्टोजसारखं केमिकल टाकलं की लॅक ऑपेरॉन, म्हणजे लॅक्टोज पचवणाऱ्या जीन्सचा एकत्र चालणारा गट, चालू होतो हे डोळ्यांनी बघितलंस, आणि आता विचारतेयस की हेच यीस्टमध्ये किंवा माणसाच्या पेशीत का होत नाही, एक केमिकल टाकलं की जीन चालू, काढलं की बंद, इतकं सोपं युकॅरिओटमध्ये, म्हणजे न्यूक्लियस असलेल्या पेशींत, का नाही. प्रोकॅरिओट (न्यूक्लियस नसलेले) विरुद्ध युकॅरिओटचं टेबल तुला पाठ आहे, एकीकडे ऑपेरॉन दुसरीकडे क्रोमॅटिन (प्रोटीनभोवती गुंडाळलेला डीएनए), एकीकडे पॉलिसिस्ट्रॉनिक (एका एमआरएनएवर, म्हणजे जीनच्या आरएनए नकलेवर, अनेक जीन्स) दुसरीकडे मोनोसिस्ट्रॉनिक (एकावर एकच), पण हे सगळं असं का ते त्या टेबलात कुठेच नाही. बरोबर? तुला अगंतुगं करतेय, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस, राग नको मानूस.

मी आधी नवी मुंबईत एका बायोटेक कंपनीत प्रोटीन एक्सप्रेशनचं काम करायचे, सुरुवातीला ई. कोलाय आणि नंतर सीएचओ, म्हणजे चायनीज हॅमस्टरच्या अंडाशयातल्या पेशी, ज्यात आजकालची बरीचशी अँटिबॉडी औषधं बनतात. आता रत्नागिरीत शिकवते. तर उत्तर थोडं त्या कामाच्या बाजूने येणार.

पहिली गोष्ट, 'होत नाही' हे खरं नाही. होतं. बेकरीच्या यीस्टला गॅलॅक्टोज दिलं की गॅल जीन्स जवळजवळ हजार पटीने वाढतात, पिचिया नावाच्या दुसऱ्या यीस्टला मिथेनॉल दिलं की त्याचा एओएक्स-१ प्रोमोटर (जीनच्या सुरुवातीचा, ते चालू करणारा डीएनएचा तुकडा) धाडकन चालू होतो आणि इंडस्ट्रीत त्यावर चिक्कार प्रोटीन्स बनवतात. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन हेही बाहेरून येणारं केमिकलच आहे की. म्हणजे 'केमिकलने जीन चालू होणं' हे दोन्हीकडे आहे. फरक कुठे आहे, तर केमिकल येण्याच्या आधी ते जीन कुठल्या अवस्थेत बसलेलं असतं, तिथे. बॅक्टेरियात जीन मुळातच उघडं असतं आणि त्याला थांबवावं लागतं, आपल्यात जीन मुळातच बंद असतं आणि त्याला उघडावं लागतं. माझ्या मते टेबलातल्या निम्म्याहून जास्त ओळी या एका गोष्टीतून आपोआप निघतात, आणि उरलेल्या बऱ्याचशा न्यूक्लियसच्या भिंतीतून.

आता हे उघडं-बंद मी हवेत नाही बोलत. टेस्ट ट्यूबमध्ये बॅक्टेरियाचा नुसता डीएनए घे, त्यात त्याचा आरएनए पॉलिमरेज, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनवणारं एन्झाइम, सिग्मा फॅक्टर या प्रोमोटर ओळखणाऱ्या प्रोटीनसकट टाक, चार न्यूक्लिओटाइड आणि थोडं मॅग्नेशियम टाक, की चांगला प्रोमोटर असेल तर ट्रान्सक्रिप्शन, म्हणजे आरएनए बनणं, सुरू. बाकी कोणी लागत नाही. म्हणजे त्या पेशीपुढचा मुख्य प्रश्न 'सुरू कसं करू' हा नाहीच, 'नको असताना थांबवू कसं' हा आहे. म्हणून जेकब आणि मोनो यांनी १९६१ साली जे मॉडेल मांडलं त्याचा हिरो रिप्रेसर, म्हणजे जीन अडवून धरणारं प्रोटीन, आहे. त्यावर दोघांना १९६५ चं नोबेल मिळालं, सोबत ल्वॉफ होते.

लॅकचा रिप्रेसर जरा जवळून बघ, कारण तुझी प्लेट त्याच्यावरच चालते. एका ई. कोलाय पेशीत हे रिप्रेसर असतात जेमतेम दहाच्या आसपास, प्रत्येक चार सारख्या तुकड्यांचा बनलेला. त्यातले दोन तुकडे एका ऑपरेटरला (रिप्रेसर बसायच्या डीएनएवरच्या जागेला) धरतात आणि उरलेले दोन जवळच्या दुसऱ्या ऑपरेटरला, मधला डीएनए वळून त्याचा लूप होतो आणि म्हणून इतक्या कमी संख्येतही पकड घट्ट राहते. पण ती शंभर टक्के नसते. मधूनच रिप्रेसर सुटतो, तेवढ्यात एखाददुसरा एमआरएनए निघून जातो, थोडं परमिएज (लॅक्टोज आत आणणारं) आणि थोडं बीटा-गॅलॅक्टोसिडेज (ते फोडणारं) पेशीत कायम असतं. हे गळणं म्हणजे दोष नाही हां, त्याच्याशिवाय सगळं अडलं असतं. कारण रिप्रेसरला काढणारं खरं रेणू लॅक्टोज नसून अ‍ॅलोलॅक्टोज आहे, आणि लॅक्टोजचं अ‍ॅलोलॅक्टोज करतं कोण, तर तेच बीटा-गॅलॅक्टोसिडेज. आधीपासून थोडं एन्झाइम नसतं तर लॅक्टोज समोर असूनही पेशीला ते कळलंच नसतं. आयपीटीजी आपण वापरतो ते या भानगडीला वळसा घालायला, ते स्वतःच रिप्रेसरला बसतं आणि पेशी त्याला पचवू शकत नाही, म्हणून त्याचं प्रमाण तेवढंच राहतं.

हे गळणं लॅबमध्ये फार छळतं. बीएल-२१ नावाच्या स्ट्रेनमध्ये आम्ही टी-७ या बॅक्टेरियाच्या व्हायरसच्या प्रोमोटरखाली जीन घालायचो, त्यात टी-७ पॉलिमरेज स्वतः लॅकच्या ताब्यात असतो. प्रोटीन जर पेशीला विषारी असेल तर आयपीटीजी न टाकताही कल्चर वाढायचं नाही, किंवा वाढायचं पण प्लास्मिड (आपलं जीन घातलेली डीएनएची छोटी रिंग) फेकून दिलेल्या पेशींचंच. उपाय म्हणून मीडियात, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रावणात, १ टक्का ग्लुकोज टाकतात. आणखी एक गंमत, मीडियातलं ट्रिप्टोन हे दुधाच्या केसिनपासून बनतं, एखाद्या बॅचमध्ये किंचित लॅक्टोज उरलेलं असतं, आणि मग रात्रभर ठेवलेलं कल्चर सकाळी बघावं तर आपलं आपण इंड्यूस (जीन चालू) होऊन बसलेलं. कोणी आयपीटीजी टाकलंच नाही! नवीन मुलं आधी प्लास्मिडवर संशय घेतात, मी आधी ट्रिप्टोनच्या डब्यावरचा बॅच नंबर बघते.

ग्लुकोजने गळणं का कमी होतं, तर लॅक प्रोमोटर तसा अशक्त आहे, त्याला जोर द्यायला कॅप नावाचं प्रोटीन लागतं आणि ते सायक्लिक एएमपी हा पेशीतला छोटा निरोप्या रेणू असेल तरच बसतं. ग्लुकोज असलं की सायक्लिक एएमपी कमी आणि लॅक्टोज आत येणंही अडवलं जातं. म्हणजे बॅक्टेरियातही 'चालू करणारे' आहेत, सगळं नुसतं थांबवण्यावर नाही, हे लक्षात असू दे नाहीतर व्हायव्हाला कोणीतरी पकडेल. दोन्ही अटी जुळल्या की मग मात्र दोन-तीन मिनिटांत एन्झाइम दिसायला लागतं आणि अखेर हजारएक पट होतं. दोन-तीन मिनिटं. हा आकडा डोक्यात ठेव, पुढे लागेल.

आता आपल्याकडचं, म्हणजे युकॅरिओटचं. आपल्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर जवळजवळ २ मीटर होतो, तो न्यूक्लियसमध्ये मावायला हिस्टोन नावाच्या प्रोटीनभोवती गुंडाळलेला असतो, १४७ बेस जोड्यांचा एक वेढा, मग थोडी मोकळी जागा, मग पुढचा. टेबलात हे 'पॅकिंग' म्हणून लिहितात, आणि तिथेच घोळ होतो, कारण वाचणाऱ्याला वाटतं हे जागा वाचवण्यासाठी आहे आणि रेग्युलेशन वेगळं काहीतरी आहे. तसं नाही. वेढ्यात गेलेल्या प्रोमोटरवर आरएनए पॉलिमरेज बसूच शकत नाही. १९८७ मध्ये कॉर्नबर्ग यांच्या लॅबने टेस्ट ट्यूबमध्ये दाखवलं की प्रोमोटर न्यूक्लिओसोममध्ये, म्हणजे हिस्टोनभोवतीच्या अशा एका वेढ्यात, असला तर ट्रान्सक्रिप्शन सुरू व्हायचंच थांबतं. आणि १९८८ मध्ये उलट बाजूने दाखवलं गेलं, जिवंत यीस्टमध्ये हिस्टोन बनवणं थांबवलं तर फॉस्फेटसाठीचं पीएचओ-५ हे जीन इंड्यूस न करताही चालू झालं. मला विचारशील तर हा दुसरा प्रयोग अभ्यासक्रमात पहिल्या पानावर हवा. कोणी अ‍ॅक्टिव्हेटर (जीन चालू करणारं प्रोटीन) आणला नाही, नुसतं झाकण काढलं, तर जीन चालू.

कोकणातल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. वाडीत एक घर असतं ज्याची ओटी बारा महिने उघडी, कोणीही यावं, नको असेल तेव्हा कोणीतरी दारात आडवं बसलं की झालं. आणि बाजूचं घर मुंबईकरांचं, कुलूपबंद. ते गणपतीला उघडायचं तर नुसते पाहुणे येऊन भागत नाही, चावी असलेला शेजारी लागतो, मग पायवाटेवरचं गवत काढा, मेन स्विच लावा, पंपाने पाणी चढवा, तेव्हा कुठे चूल पेटते. बॅक्टेरियाचं जीन म्हणजे पहिलं घर, आपलं म्हणजे दुसरं. चावीवाल्या शेजाऱ्याचं काम करणारी प्रोटीन्स आहेत, त्यांना पायोनिअर फॅक्टर म्हणतात, यकृतातलं फॉक्स-ए हे त्यातलं नावाजलेलं, ते न्यूक्लिओसोममध्ये अडकलेल्या डीएनएलाही जाऊन धरू शकतं. त्याच्यामागून हिस्टोनला अ‍ॅसिटिल लावणारी एन्झाइम्स येतात, न्यूक्लिओसोम सरकवणारी यंत्रं येतात, या सगळ्यांना पॉलिमरेजशी जोडणारा मीडिएटर येतो, मग टीएफटूडी वगैरे जनरल फॅक्टर (बहुतेक सगळ्या जीन्सना लागणारी प्रोटीन्स) आणि सगळ्यात शेवटी पॉलिमरेज टू. इतके सगळे का, असं तू विचारशील. कारण दार बंद आहे म्हणून.

आता माझ्या कामातलं. ई. कोलायमध्ये प्लास्मिड घातलं आणि प्लेटवरच्या वेगवेगळ्या कॉलन्या उचलल्या तर सगळ्या साधारण सारखंच प्रोटीन देतात, एखादी वाया गेलेली सोडली तर. सीएचओमध्ये तोच उद्योग केला, तेच जीन, तोच व्हायरसचा तगडा सीएमव्ही प्रोमोटर, तरी प्रत्येक क्लोनचं उत्पादन वेगळं. एक भरभरून देतोय, एक जेमतेम, आणि बरेचसे काहीच नाही. कारण जीन क्रोमोसोममध्ये कुठे जाऊन बसलं, आजूबाजूचं क्रोमॅटिन मोकळं होतं की घट्ट, यावर सगळं. म्हणून ढिगाने क्लोन तपासावे लागतात. बरं, चांगला क्लोन मिळाला म्हणून निर्धास्त व्हावं तर काही महिन्यांनी त्याचंही उत्पादन उतरायला लागतं, जीन जागेवर आहे, सिक्वेन्स अक्षर न अक्षर तोच, पण सीएमव्ही प्रोमोटरवर मिथाइल बसत गेलेत आणि पेशीने ते हळूहळू मिटून टाकलंय. बॅक्टेरियात काम केलेल्या माणसाला हे पहिल्यांदा बघताना पटतच नाही.

आणि इथेच तुझ्या प्रश्नाचं सगळ्यात नेमकं उत्तर आहे. सीएचओत टाकून उत्पादन वाढवायचं एक केमिकल आहे, सोडियम ब्युटिरेट. बाटली उघडली की खवट लोण्याचा वास येतो, सगळ्या लॅबला कळतं आज कोण काय करतंय. ते काय करतं, तर हिस्टोनवरचे अ‍ॅसिटिल काढणाऱ्या एन्झाइमला अडवतं, त्यामुळे अ‍ॅसिटिल टिकून राहतात, क्रोमॅटिन सैल राहतं आणि आपलं जीन जास्त वाचलं जातं. पण आयपीटीजीसारखं हे एकाच जीनच्या रिप्रेसरला जाऊन बसत नाही. पेशीतल्या कितीतरी जीन्सवर एकदम परिणाम होतो, पेशींची वाढ मंदावते, डोस जरा जास्त झाला की मरायला लागतात. बघ, आयपीटीजी एका ठिकाणचा अडथळा काढतं, ब्युटिरेट सगळीकडचीच झाकणं थोडीथोडी सैल करतं. आपल्या पेशीत नेमकं एकच जीन केमिकलने चालू करायचं असेल तर लोकांनी सरळ बॅक्टेरियाचीच वस्तू उसनी आणली, टेट्रासायक्लिनचा रिप्रेसर घेऊन त्याला व्हायरसच्या अ‍ॅक्टिव्हेटरचा तुकडा जोडला. १९९२ मध्ये आलेली ही टेट सिस्टिम आजही जगभर वापरतात. नुसता रिप्रेसर आणून भागलं नाही हे लक्षात घे, अ‍ॅक्टिव्हेटर जोडावाच लागला.

हॉर्मोनचं मी वर म्हटलं ते अर्धवट सोडायला नको. कॉर्टिसॉल रक्तातून सगळ्या पेशींना मिळतं, त्याचा रिसेप्टरही जवळजवळ सगळीकडे आहे, पण यकृतात ते वेगळी जीन्स चालू करतं आणि पांढऱ्या पेशींत वेगळी. कारण रिसेप्टर बहुतेक वेळा जिथे क्रोमॅटिन आधीपासून उघडं आहे तिथेच जाऊन बसतो, आणि कुठे उघडं आहे हे त्या पेशीचा इतिहास ठरवतो, म्हणजे ती वाढताना कुठल्या वाटेने यकृताची झाली ते. बॅक्टेरिया डीएनएला एकच प्रश्न विचारतो, आत्ता बाहेर काय आहे. आपली पेशी आधी विचारते मी कोण आहे, आणि मग बाहेर काय आहे.

याचं सगळ्यात छान उदाहरण तर दूधच आहे, कारण त्यात दोन्हीकडे तीच साखर आहे. ई. कोलायसमोर लॅक्टोज आलं की त्याचं एन्झाइम बनायला लागतं, संपलं की थांबतं. आपल्याकडे लॅक्टोज फोडणारं लॅक्टेज आहे, त्याचं जीन एलसीटी, दुसऱ्या क्रोमोसोमवर. ते तुझ्या कातडीच्या, मेंदूच्या, यकृताच्या पेशीतही आहेच, पण चालू फक्त लहान आतड्याच्या अस्तरात. आणि तिथेही लॅक्टोज आलं म्हणून चालू होत नाही, बाळ असताना चालू असतं आणि जगातल्या बहुसंख्य माणसांत वाढत्या वयाबरोबर उतरत जातं, मग तू रोज तांब्याभर दूध पी नाहीतर पिऊ नकोस. पचत नसलेल्या माणसाने दूध पीत राहिल्यावर त्रास थोडा कमी झाल्यासारखा वाटतो, पण त्यात आतड्यातल्या बॅक्टेरियांचं बदलणं आहे, एलसीटी काही परत चालू होत नाही. काही माणसांत मात्र ते आयुष्यभर चालू राहतं, आणि २००२ मध्ये फिनलंडच्या गटाने शोधलं की त्याचं कारण एलसीटीच्या आत नाहीच, सुमारे १४,००० बेस अलीकडे, एमसीएम-६ नावाच्या शेजारच्याच जीनच्या इंट्रॉनमध्ये (एमआरएनएतून कापून टाकल्या जाणाऱ्या तुकड्यात), एका जागी सी च्या ऐवजी टी आहे. भारतातही, जास्त करून उत्तर-पश्चिमेला, हाच बदल सापडतो. एन्हान्सर (जीनला जोर देणारा डीएनएचा तुकडा) लांबून काम करतो असं पुस्तकात एक ओळ असते ती हीच. लॅकमध्ये सगळा कारभार प्रोमोटरला खेटून काही शे बेसच्या आत उरकतो, इथे चौदा हजार, आणि हेही काहीच नाही, हातापायाची बोटं ठरवणाऱ्या सॉनिक हेजहॉग जीनचा एक एन्हान्सर जवळजवळ १० लाख बेस दूर बसलाय, तोही दुसऱ्याच जीनच्या इंट्रॉनमध्ये. त्यात एका अक्षराचा बदल झाला की काही जणांना सहावं बोट येतं.

आता न्यूक्लियसची भिंत. बॅक्टेरियात एमआरएनए अजून बनतोय तोवर त्याच्या पुढच्या टोकाला रायबोसोम (प्रोटीन बनवणारं यंत्र) चढलेलासुद्धा असतो, मधे काही आडवं नाही. ट्रिप ऑपेरॉन, म्हणजे ट्रिप्टोफॅन हे अमिनो अ‍ॅसिड बनवणाऱ्या जीन्सचा गट, याचा असा फायदा उठवतो की मला दरवर्षी शिकवताना मजा येते. एमआरएनएच्या सुरुवातीला १४ अमिनो अ‍ॅसिडचं एक छोटं पेप्टाइड आहे, त्यात ट्रिप्टोफॅनचे दोन कोडॉन (तीन अक्षरी खुणा) लागोपाठ. पेशीत ट्रिप्टोफॅन मुबलक असेल तर रायबोसोम तिथून सुळकन जातो, मागचा आरएनए टर्मिनेटरच्या घडीत दुमडतो, पॉलिमरेज सुटून पडतो, जीन्स वाचलीच जात नाहीत. ट्रिप्टोफॅन कमी असेल तर रायबोसोम त्या दोन कोडॉनवर अडकून उभा राहतो, त्यामुळे आरएनए वेगळा दुमडतो, टर्मिनेटर बनतच नाही आणि पॉलिमरेज पुढे जातो. रिप्रेसर सुमारे ७० पट फरक पाडतो, त्यावर हे अटेन्युएशन आणखी ८-१० पट. आता विचार कर, रायबोसोम न्यूक्लियसच्या बाहेर आणि पॉलिमरेज आत असेल तर हे कसं जमणार? नाहीच जमणार. 'युकॅरिओटमध्ये अशा प्रकारचं अटेन्युएशन नसतं' ही टेबलातली ओळ पाठ करायची गरजच नाही.

उलट भिंतीमुळे आपल्याला काय मिळालं, तर वेळ आणि जागा. एमआरएनए बाहेर जाण्याआधी त्याला टोपी घाल, शेपटी लाव, इंट्रॉन काप, आणि कापता कापता वेगवेगळं जोड. कॅल्सिटोनिनचं जीन थायरॉइडमधल्या सी पेशींत एका पद्धतीने जोडलं जातं आणि कॅल्सिटोनिन देतं, तेच मज्जापेशींत दुसऱ्या पद्धतीने जोडलं की सीजीआरपी नावाचं अगदी वेगळं काम करणारं पेप्टाइड. गंमत बघ, ऑपेरॉनमध्ये एका एमआरएनएवरून अनेक प्रोटीन्स निघतात कारण ती एकाच कामाची, एकदम लागणारी, आणि इथे एकाच जीनमधून अनेक प्रोटीन्स निघतात कारण पेशी वेगवेगळ्या. त्यापुढेही मायक्रोआरएनए (एमआरएनएला गप्प करणारे छोटे आरएनए) वगैरे आहेत, पहिला १९९३ मध्ये एका सूत्रकृमीत सापडला आणि त्याबद्दल अ‍ॅम्ब्रोस आणि रव्हकुन यांना २०२४ चं नोबेल मिळालं, पण तो विषय आत्ता नको, लांबेल.

किंमत मात्र वेळेची. मघाचे दोन-तीन मिनिटं आठव. लॅक झेड सुमारे ३,००० बेसचं, वाचून व्हायला मिनिटभर लागतं. आपलं डिस्ट्रोफिन, स्नायूंमधलं, सुमारे २२ लाख बेसचं आहे, ७९ एक्सॉन (एमआरएनएत राहणारे तुकडे), एकदा वाचायला जवळजवळ १६ तास, आणि त्यातून शेवटी हातात येणारा एमआरएनए १४,००० बेसचा. तेवढ्या वेळात ई. कोलायच्या कितीतरी पिढ्या होऊन गेल्या. म्हणून बॅक्टेरियाचा एमआरएनए काही मिनिटांत मोडतो, परिस्थिती बदलली की जुना निरोप नकोच, आणि आपला बऱ्याचदा तासन् तास टिकतो. बॅक्टेरियाला उद्या काय खायला मिळेल माहीत नसतं. यकृताच्या पेशीला आजूबाजूचं वातावरण बरंच स्थिर मिळतं, तिचं मुख्य काम यकृतच राहणं हे आहे.

आता यीस्ट, कारण तू त्याचं नाव घेतलंस आणि ते बरोबर मधे बसतं. जगणं बॅक्टेरियासारखं, एकटी पेशी, समोर येईल ते खायचं. म्हणून त्याला साखरेने चालू होणारी जीन्स आहेत. पण यंत्रणा आपली. गॅल-४ हा अ‍ॅक्टिव्हेटर डीएनएवर आधीच बसलेला असतो, गॅल-८० ने त्याला झाकून ठेवलेलं असतं, गॅलॅक्टोज आलं की गॅल-३ येऊन गॅल-८० ला बाजूला काढतो, आणि मग गॅल-४ बाकी सगळ्यांना बोलावतो, प्रोमोटरवरचे न्यूक्लिओसोम हटतात. गॅल-१, गॅल-१० आणि गॅल-७ क्रोमोसोमवर शेजारी शेजारी आहेत पण ऑपेरॉन नाही, प्रत्येकाचा एमआरएनए वेगळा. म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला लॅकसारखंच दिसतं, साखर टाकली, जीन चालू, पण आत अडथळा काढून थांबायचं नाही तर माणसं बोलवायची आहेत.

अपवादांचं सांगून ठेवते, नाहीतर वर मी जे ठासून बोलले ते तू कुठेही ठोकशील. 'प्रोकॅरिओट' म्हणताना मी बॅक्टेरिया म्हणतेय, आर्किया (न्यूक्लियस नसलेले पण बॅक्टेरियांहून वेगळे सूक्ष्मजीव) नाही, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांत हिस्टोन असतात आणि ट्रान्सक्रिप्शन सुरू करणारी प्रोटीन्स आपल्याशी जास्त मिळतीजुळती. बॅक्टेरियातही एच-एनएस नावाचं प्रोटीन बाहेरून आलेल्या डीएनएला धरून गप्प बसवतं, म्हणजे सगळाच डीएनए ओटीसारखा उघडा नाही. आणि ऑपेरॉन फक्त बॅक्टेरियात असं लिहू नकोस, सी. एलेगन्स या कृमीची सुमारे १५ टक्के जीन्स ऑपेरॉनमध्ये आहेत, फक्त त्यांचा लांब आरएनए नंतर कापून वेगवेगळा केला जातो. एकपेशीय की बहुपेशीय, लवकर बदलणारं वातावरण की स्थिर, यावर बरंच ठरतं, नुसत्या न्यूक्लियसवर नाही.

परीक्षेत ८ मार्कांना आलं तर टेबल काढ, पण त्याच्या वर दोन ओळी लिही: बॅक्टेरियात मूळ अवस्था उघडी म्हणून रिप्रेसर महत्त्वाचा, युकॅरिओटमध्ये मूळ अवस्था क्रोमॅटिनमुळे बंद म्हणून अ‍ॅक्टिव्हेटर आणि क्रोमॅटिन उघडणारे महत्त्वाचे, आणि न्यूक्लियसमुळे ट्रान्सक्रिप्शन आणि ट्रान्सलेशन (प्रोटीन बनणं) वेगळं झाल्याने मधे नियंत्रणाच्या जास्त पायऱ्या. पेपर तपासणारीला तेवढ्यावरून कळतं की मुलीला समजलंय. मीही तपासते, म्हणून सांगते.

जाता जाता तू विचारलंयस की थंडीत आपल्याकडे रात्री लाटा निळ्या चमकतात तो लक्स ऑपेरॉनच (बॅक्टेरियातल्या प्रकाश पाडणाऱ्या जीन्सचा गट) ना. नाही! गुहागर म्हण, आरे-वारे म्हण, किनाऱ्यावर लाट फुटताना जी चमक दिसते ती बहुतेक नॉक्टिल्युका, आणि तो युकॅरिओट आहे, एकपेशीय डायनोफ्लॅजेलेट. त्या चमकेत त्या क्षणी कुठलंही जीन चालू-बंद होत नाही. एन्झाइम आणि त्याचं इंधन आधीच बनवून ठेवलेलं असतं, पाण्याचा धक्का बसला की पेशीत आम्लता क्षणात बदलते आणि प्रकाश पडतो. जीन चालू करून प्रकाश पाडायचा म्हटलं तर लाट फुटून ओसरून जाईल तोवर.

लक्सवाला तो व्हिब्रिओ नावाचा बॅक्टेरिया. लक्स-आय एक छोटा रेणू बनवत राहतं, तो पेशीतून बाहेर झिरपतो, मोकळ्या समुद्रात पेशी विरळ असल्या की वाहून जातो, दाटी झाली की साठतो, परत आत येऊन लक्स-आर या अ‍ॅक्टिव्हेटरला बसतो आणि अख्खा ऑपेरॉन चालू होतो. १९७० मध्ये नीलसन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी हे पहिल्यांदा दाखवलं. बघ, इथेही तोच बॅक्टेरियाचा प्रश्न, आत्ता आजूबाजूला काय आहे, फक्त साखरेऐवजी शेजारी मोजतोय.

दोन्ही घरी ओळखता येतात. चमकणारं समुद्राचं पाणी बाटलीत भर, अंधाऱ्या खोलीत थोडा वेळ स्थिर ठेव आणि मग हलव: हलवल्यावर ठिणग्या पडून विझल्या तर नॉक्टिल्युका, भिंग घेतलंस तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे पारदर्शक गोळे दिसतीलही. चमकणारे बॅक्टेरिया बघायचे तर ताजं म्हाकूल न धुता घे, बर्फात ठेवलेलं नको, समुद्राच्या पाण्यात अर्धवट बुडवून गार जागी ठेव आणि रात्री पूर्ण अंधारात जाऊन डोळे सरावेपर्यंत थांब. प्रत्येक वेळी जमेलच असं नाही, म्हाकलावर ते बॅक्टेरिया असतील तर. जमलं तर हलवो न हलवो, सलग मंद निळसर उजेड दिसतो. फ्रिजमध्ये ठेवणार असलीस तर झाकण लाव आणि आईला आधी सांग, वासाची जबाबदारी माझी नाही.